सहाव्या दिवसाची पूजा

“आई, मान जरा इकडं करते हं,” असं म्हणत मावशीने म्हातारीचं डोकं डाव्या तळव्यावर तोललं आणि उजव्या हाताने कोमट पाणी सोडलं. मेलेल्या माणसाला कोमट काय नि गार काय, असं नव्या नर्स म्हणत. मावशी मात्र अठरा वर्षं मनगटावर पाणी घेऊन बघितल्याशिवाय हात लावायची नाही.

हॉस्पिटलच्या तळघरातल्या फरशीच्या खोलीत, गेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घालणं हे तिचं काम. बाहेर कुणी विचारलंच तर ती “हॉस्पिटलात असते” एवढंच सांगायची. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

केस विंचरत असतानाच दार लोटून म्हातारीचा मुलगा आत आला आणि मावशीची फणी जागच्या जागी थांबली. ते गुरुजी होते. घड्याळाच्या दुकानावरच्या सभागृहात देवीचे नऊ दिवस तेच पूजा सांगत. अकरा वर्षं, मावशीने लख्ख घासलेली समई ते तिच्याच हातून घेत आले होते.

“तुम्ही? इथं?”

“इथंच असते, गुरुजी.”

त्यांनी आईकडे पाहिलं, मग मावशीच्या हातांकडे. मावशीने मान खाली घालून उरलेला गुंता सोडवला.

घरी येऊन तिने नेहमीसारखी डोक्यावरून आंघोळ केली. संध्याकाळी सहाव्या दिवसाच्या पूजेला जायचं की नाही, यावर मन दुपारभर वरखाली होत राहिलं. दिवसभर मिटलेले डोळे बघणाऱ्या बाईला वर्षातले नऊ दिवस तिथे देवीचा उघड्या डोळ्यांचा चेहरा बघायला मिळायचा. आज पाय मागे घेतला तर तो कायमचा मागे राहील, हे तिला कळत होतं. तिने पुन्हा आंघोळ केली आणि निघाली.

सभागृहात चाळीसेक माणसं ताटकळत होती. गुरुजी आईला पोचवून, न्हाऊन आले होते. पण उंबऱ्याबाहेर जिन्यातच उभे होते. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर मांडीवर पोथी उघडून बसले होते.

“आत या, गुरुजी. सुरू झालेल्या व्रताला सुतक नाही. इथं स्पष्ट लिहिलंय.”

“ते व्रत धरणाऱ्याला, मास्तर. वडिलांच्या वहीत आहे, पूजा सांगणाऱ्याने अशा वेळी देवीला हात लावू नये, दुसऱ्याकडून करून घ्यावी.”

“वही मोठी की पोथी?”

“मला वहीच शिकवलीय.”

मास्तरांनी सुस्कारा सोडला. “बरं. मग मावशी आहेत की! उपास धरलाय, अकरा वर्षांत एक दिवस चुकल्या नाहीत. त्यांच्याकडून करून घ्या.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीने गुरुजींकडे पाहिलं. ते जिन्याच्या कठड्याकडे बघत होते. ते सांगणार नाहीत, हे तिला कळलं. आणि म्हणूनच तिला गप्प बसवेना.

“मी हॉस्पिटलात असते ती मेलेल्या बायकांना आंघोळ घालायला,” ती म्हणाली. “आज सकाळी गुरुजींच्या आईंना मीच घातली. आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.”

कुणीतरी पुढे ठेवलेलं फुलांचं तबक हळूच मागे ओढलं.

मास्तरांनी दोन पानं उलटली. “मग... ते वेगळं. रोजचा प्रेतस्पर्श म्हणजे... पोथी याबाबत कडक आहे हो.”

“वडिलांची वही याबाबत सैल आहे,” जिन्यातून गुरुजी म्हणाले. “स्नान केलं की संपलं, एवढंच लिहिलंय. गंमत बघा मास्तर, माझ्यासाठी तुमची पोथी मोकळी, नि यांच्यासाठी माझी वही.”

“मग मानायचं कुणाचं?” मागून एक बाई म्हणाली.

गुरुजींनी कठड्यावरून नजर उचलली. “आईच्या केसांत फार गुंता व्हायचा. दुखण्यात मी कितीदा विंचरायला घेतले, ती कळवळायची. शेवटी मी सोडूनच दिलं होतं.” ते मावशीकडे वळले. “मावशी, आंघोळ झालीय?”

“दोनदा.”

“मग बसा पाटावर. मी इथून सांगतो.”

मास्तरांनी पोथी पिशवीत ठेवली आणि चपला पायात सरकवल्या. त्यांच्यामागून एकेक जण उठला. जाताना वावगं कुणी काही बोललं नाही, आणि मावशीला तेच जास्त लागलं. निम्म्याहून अधिक सतरंजी मोकळी झाली.

ती पाटावर बसली. जिन्यातून आवाज येत होता: आता पाणी, आता गंध, आता अक्षता. ती सांगितलं तेवढंच करत होती. मंत्र तिला कळत नव्हते, पण त्यात ‘माते’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, हे अकरा वर्षांत कानाला ओळखीचं झालं होतं.

फूल वाहायच्या वेळी तोच शब्द आला आणि गुरुजींचा आवाज मधेच तुटला.

उरलेली माणसं दाराकडे वळून बघू लागली. मावशी वळली नाही. देवीच्या पायांवर धरलेलं फूल तिने तसंच धरून ठेवलं. अशा वेळी माणसाला किती वेळ लागतो, ते तिला ठाऊक होतं. ती थांबली.