वामन भोईरचा बिल्ला

“धंदा काय लिहू, वामनराव?” श्यामसुंदर कर्णिकांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि पेनचं टोपण तिसऱ्यांदा काढलं.

वामन भोईर ओटीवर मांडी घालून त्या छापील अर्जाकडे पाहत होता. नाव लिहून झालं होतं, वडिलांचं नाव जोमा, वय बावन्न. इथवर सगळं सरळ होतं. घोडं अडलं ते चौथ्या रकान्यात.

“शेती लिवा,” तो म्हणाला.

आतून त्याच्या बायकोनं, गोजरानं, कालवणाचा टोप उतरवता उतरवता आवाज दिला, “कुठली शेती? जिमिनीवर तीन-तीन माळ्यांच्या इमारती हायत. सायबाला खरं सांगा की.”

“तू गप. सायेब मना इचारतान.”

कर्णिक पेचात पडले. हा मनुष्य नियमाचा होता. मुंबईच्या एका विमा कचेरीत नोकरी, वाशीच्या नव्या वसाहतीत दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि आता ‘नवनगर सेवा क्लब’चं सचिवपद. क्लबचं नियमपुस्तक त्यांनी इतक्या वेळा वाचलं होतं की त्याची पानं पोथीसारखी मऊ पडली होती. त्या पुस्तकात दोन गोष्टी ठळक होत्या. क्लब सुरू करायला वीस सभासद हवेत, आणि एका धंद्याचा एकच सभासद हवा. डॉक्टर एक, वकील एक, रसायनांचा कारखानदार एक. त्यामुळे कुणाची मक्तेदारी होत नाही आणि सेवेला सगळ्या जातीचे हात मिळतात. कल्पना मोठी छान होती, पण नवी वसाहत पडली नोकरदारांची. एकोणीस धंदे जमवता जमवता कर्णिकांच्या चपला झिजल्या. विसावा शुक्रवारपर्यंत मिळाला नाही, तर वरच्या कचेरीत अर्ज बाद होणार होता. तो फेब्रुवारी होता, एकोणीसशे ब्याऐंशीचा.

“थोडंफार तरी पेरता ना?” कर्णिकांनी आशेनं विचारलं.

“परसात पेरत होतो. दोन चटयांएवढं. बेन्याचं भात मरू नये म्हून. या हिवाळ्यात तिथं भाड्याची खोली बांदली.”

कर्णिकांनी क्षणभर विचार केला. मग ‘शेती’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि टोपण घट्ट बसवलं. अडला हरी म्हणतात ते काही खोटं नाही.

अशा रीतीनं वामन भोईर सेवाभावी झाला. सेवा कशाची करायची हे मात्र त्याला कुणी नीट सांगितलं नाही.

क्लबची सभा दर मंगळवारी सात वाजता सेक्टरमधल्या समाजमंदिरात भरे. अध्यक्ष डॉक्टर दिनानाथ नेरूरकर पितळी घंटा वाजवत, की सगळे उठून उभे राहत. पुन्हा घंटा वाजली की बसत. मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जाई. मागच्या मंगळवारी इथंच बसून जे ऐकलं ते पुन्हा कशाला वाचायचं, हे वामनला कळेना. ते ‘कायम’ करायला कुणीतरी मांडायचं आणि दुसऱ्यानं दुजोरा द्यायचा. एकदा त्यानं दोन्ही स्वतःच केलं, तर हशा पिकला. सलग तीन सभा चुकवल्या तर नाव कमी होई, पण पनवेलच्या क्लबात जाऊन बसलं तर ती हजेरी इथं धरत. म्हणून गोजराच्या आजारपणात मंगळवार चुकला त्या आठवड्यात वामन एसटीनं पनवेलला जाऊन अनोळखी माणसांत दीड तास बसून आला. तिथं काय झालं असं गोजरानं विचारलं, तेव्हा म्हणाला, “घंटा वाजली.”

तरी तो जात राहिला. कारण होतं बिल्ला. पांढऱ्या पत्र्याचा, बोटभर लांबीचा, शर्टाला टाचायचा बिल्ला प्रत्येक सभासदाला मिळाला होता. त्यावर वर नाव आणि खाली धंदा. वामनच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं, ‘वामन जोमा भोईर, शेती.’ वसाहतीसाठी सरकारनं जमीन घेतली आणि सातबाऱ्यावरून त्याचं नाव गेलं, त्याला बारा वर्षं होत आली होती. रेशनकार्डावर धंद्याच्या जागी नुसती रेघ होती. सून माहेरी सांगताना ‘सासरे घरीच असतात’ म्हणे. साऱ्या जगात त्याला शेतकरी म्हणणारा आता हा एवढाच पत्र्याचा तुकडा उरला होता, आणि तो त्याला जिवापाड प्रिय होता. मंगळवारी दुपारीच तो बिल्ला राखेनं घासून ठेवी.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं क्लबात कुणाला सांगितली नव्हती. समाजमंदिर उभं होतं ते त्याच्याच शेतावर. अध्यक्षांची खुर्ची होती तिथं बांधावर सावलीला भेंडीचं झाड होतं. कर्णिक हजेरीपट घेऊन बसत, तिथून चार पावलांवर खाडीचं पाणी आतबाहेर करणारी उघाडी होती. वामन मुद्दाम उजवीकडची तिसरी खुर्ची धरी. तिथली जमीन सगळ्यांत चांगली होती.

जूनमध्ये त्याची पाळी आली. नव्या सभासदानं दहा मिनिटं आपल्या धंद्याविषयी बोलायचं, असा नियम होता. सुधीर वकील चाळीस मिनिटं बोलला होता. वामन उभा राहिला.

“मना भाषान येत नाय,” तो म्हणाला. “खाडीचं पानी खारं. ते बांद घालून आडवायचं. ओहोटीला उघाडी उघडायची, भरतीला बंद करायची. पावसानं मीठ धुतलं की पेरायचं. तरी मीठ रहतं. साधा भात तिथं जगत नाय. राता जगतो. लाल भात. तो मिठाला भीत नाय.” इतकं बोलून त्यानं खिशातला रुमाल सोडला आणि प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर भात ठेवला. “परसातला शेवटचा हाय. आता पेरायला जागा नाय. तुमच्याकडं राहू द्या.”

माणसं गोंधळली. डॉक्टरांना वाटलं प्रसाद आहे, त्यांनी तोंडात टाकला आणि तूस दाताखाली आल्यावर वाकडं तोंड केलं. वकिलानं पाकिटात ठेवला. कर्णिकांनी दाणे पोस्टाच्या रिकाम्या पाकिटात घातले, वर तारीख लिहिली आणि घरी नेले. चार मिनिटांत भाषण संपलं. घंटा वाजली.

सप्टेंबरात नंदकुमार दामले क्लबात यायचं म्हणू लागले. तळोज्याला त्यांचा रसायनांचा कारखाना होता, आणि कारखान्याची एक गाडी ते क्लबला खेड्यापाड्यांतल्या तपासणी शिबिरांसाठी द्यायला तयार होते. अशा माणसाला नाही कोण म्हणेल? पण रसायनांची जागा भरलेली. कार्यकारिणी दोन तास बसली. शेवटी कुणीतरी म्हणालं, दामल्यांची कर्जतला आंब्याची बारा एकर बाग आहे, सातबारा त्यांच्या नावावर आहे, त्यांना शेतीत घेता येईल. आणि शेतीत जे आहेत त्यांना सध्या शेतीच नाही. ठराव मांडला गेला, त्याला दुजोरा मिळाला. इतिवृत्त कर्णिकांनीच लिहिलं.

वामनला सांगायचं कामही त्यांच्यावरच आलं. नवा बिल्ला घेऊन ते ओटीवर आले, तेव्हा वामन भाडेकरूच्या खोलीचं कौल बसवत होता.

“तुम्हाला कुणी काढत नाहीये हां, वामनराव. फक्त वर्गवारी बदलली,” कर्णिक म्हणाले. नव्या बिल्ल्यावर लिहिलं होतं, ‘वामन जोमा भोईर, भाडेघरे.’

वामननं तो उलटसुलट केला. “मी काय चुकलो, सायेब?”

“छे छे! चूक कसली? दामल्यांकडे सातबारा आहे. नियम आहे ना.”

“ते आंबे सोता लावतान?”

“नाही, गडी आहेत.”

“मंग गडी शेतकरी की ते?”

 याचं उत्तर कर्णिकांच्या पुस्तकात नव्हतं.

“सुधीर वकिलाला वरीसभर एक केस नाय,” वामन म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, तो खरंच समजून घेऊ पाहत होता. “सगल्यांना ठाव हाय. तरी तो वकील. डॉक्टर उद्या दवाखाना बंद करतील, तरी डॉक्टरच म्हनतील त्यांना. मंग माझंच कसं काय ओ? किती वरसं पेरलं नाय की मानूस शेतकरी राहत नाय? तेवढं सांगा, म्हंजे मना समजंल.”

“मलाही नाही सांगता येत,” कर्णिक म्हणाले, आणि हे त्यांनी सचिव झाल्यापासून बोललेलं पहिलं निखळ खरं वाक्य असावं.

जुना बिल्ला परत न्यायचा होता. वामननं आत जाऊन तो आणला, सवयीनं सदऱ्याला पुसला आणि त्यांच्या हातावर ठेवला. गोजरा दारात उभी होती.  त्या दिवशी तिनं कर्णिकांना चहा दिला नाही.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी वरच्या कचेरीतल्या विभागप्रमुखांची वार्षिक भेट होती. क्लब कसा चालतो, हे ते बघणार होते. हार, गुच्छ, नवा टेबलक्लॉथ, सगळा थाट होता. एकेकानं उभं राहून नाव आणि धंदा सांगायचा होता.

“सुधीर चौबळ, वकिली.”

“नंदकुमार दामले, शेती.”

वामन उठला. नवा बिल्ला त्याच्या खिशात होता. “वामन जोमा भोईर,” तो म्हणाला. अध्यक्ष पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिले. वामनही वाट पाहत राहिला, शब्द कुठून तरी येईल म्हणून. तो आला नाही, तेव्हा तो हळूच खाली बसला आणि पुढचा माणूस घाईनं उठला.

विभागप्रमुख साताऱ्याकडचे होते, हौशी होते. चहाच्या वेळी त्यांनी सगळ्यांसमोर दामल्यांना विचारलं, “काय हो शेतकरीबुवा, ही वसाहत व्हायच्या आधी इथं काय पिकायचं?”

“इथं?” दामले हसले. “इथं काय पिकणार साहेब? दलदल असेल नुसती. मिठाचं पाणी ना!”

सगळे हसले. कर्णिकांनी झटकन उजवीकडच्या तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. वामनचं तोंड किंचित उघडलं होतं. उत्तर त्याच्या ओठांवर होतं, नव्हे, पायांखाली होतं. पण शेतीविषयी बोलायचा अधिकार आता दामल्यांचा, आपला खोल्यांविषयी, असा क्लबचा नियम असणार असं त्याला वाटलं. निदान त्याला समजलेला नियम तरी तोच होता. त्यानं तोंड मिटलं आणि बशीत चहा ओतला. कर्णिकांनी बिस्किटाची बशी पुढच्या खुर्चीकडे सरकवली. आपणही बोलू शकलो असतो, हे त्यांना कळलं, तोवर घंटा वाजली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचेरीतून आल्यावर कर्णिक कपडेही न बदलता गावात आले. त्यांनी दोन्ही हातांनी डालड्याचा डबा पोटाशी धरला होता. डब्यात हिरवंपिवळं काही होतं. वामन ओटीवरून उठलाच नाही.

“जूनमध्ये तुम्ही दाणे दिले होते ना,” कर्णिक धापा टाकत म्हणाले. “आमच्या चारुलतेनं, म्हणजे मिसेसनं, गॅलरीत लावले. सात रोपं आली. आता लोंब्या वाकल्यात. ती म्हणते झालं, मी म्हणतो नाही झालं. पुस्तकात कुठं सापडेना. कधी कापायचं?”

वामननं डबा पुढं ओढला. लोंबी तळहातावर घेतली, एक दाणा अंगठ्याच्या नखाखाली धरून दाबला, मग दुसरा, खालच्या लोंबीतला. तूस सोलून आतला लाल तांदूळ उजेडाकडे धरला.  त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत.

“अजून दुधात हाय खालचा,” तो म्हणाला. “आठ दिस थांबा. पानी आता बंद करा, एक थेंब घालू नका. चिमन्या येतान का?”

“येतात की.”

“फडका बांदा वरनं.” त्यानं डबा परत केला. “आठव्या दिवशी सकालचा मी येतो. तुमी हात लावू नका, दाने गलतील.”

कर्णिकांनी मान डोलावली. ते डबा पोटाशी धरून, पावलं मोजत, गावाबाहेर पडेपर्यंत वामन बघत राहिला.

गोजरा आत गेली. तिनं शिडी लावली आणि माळ्यावरच्या फाटक्या कणगीमागून विळा काढला. वर्षभरात त्याची धार गंजून गेली होती. ती विळा आणि घासायचा दगड नवऱ्यापुढं ठेवून चुलीकडे वळली.

सात रोपं कापायला विळा लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. वामननं दगडावर पाणी शिंपडलं आणि तो विळा घासायला बसला.