दिवस पूर्ण भरलेली

"हा ठोकळा त्याच्यावर ठेव बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लवंगीनं ठोकळा उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि आईच्या हातात देऊन टाकला.

"चौथं लागलंय ना हिला? बोलते किती?"

"आई, पाणी, नको. मावशीला माऊ म्हणते," लवंगीची आई म्हणाली आणि तिनं घाईघाईनं पुढे जोडलं, "पण दिवस पूर्ण भरून झालीय हो ती. अपुऱ्या दिवसांची नाही."

लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून संसार ओढणारी ही बाई या एका वाक्यावर इतकी वर्षं तगून होती. वाक्य थोरल्या बहिणीचं. थोरली याच दवाखान्यात नर्स. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकटीच्या वेण्या घालण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं तिनंच निभावलेलं. पोर मूठभर झाली, तेव्हा तीच हसून म्हणाली होती, "लवंगी मिरची आहे गं, बघशील पुढे!" पोर उशिरा बसली, उशिरा चालली. थोरलीचं दर वेळी एकच, "दिवस भरलेत ना? मग झालं तर." आणि थोरलीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"दिवस भरले हो, पण पोटात वाढ कमी झाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वारेतून पोषण पुरेसं पोचलं नाही. पुष्कळ मुलं पुढे भरून काढतात. काहींचं बोलणं, समजणं मागं राहतं. म्हणून तर अधूनमधून दाखवायला आणा म्हटलं होतं."

"मला कुणी नाही सांगितलं."

"तुमच्या बहिणीला सांगितलं होतं मी. त्या म्हणाल्या, घरचीच पोर आहे, मी बघते."

धाकटीनं हातातला ठोकळा टेबलावर ठेवला. "मी शेवटपर्यंत उभ्यानं इस्त्री करत होते. त्यानं तर नाही ना...?"

"त्यानंच झालं असं नाही म्हणता येत. उगाच स्वतःला दोष देऊ नका. हेही सांगितलं होतं त्यांना."

थोरली खालच्या मजल्यावर पट्ट्या गुंडाळत बसली होती. धाकटीचा चेहरा पाहिला आणि तिचे हात थांबले.

"ओली बाळंतीण होतीस तू. हाय खाल्ली असतीस."

"आणि नंतर?"

"नंतर वाटलं, आज ना उद्या भरून काढील. मग जितका उशीर झाला, तितकी जीभ रेटेना."

"सासूबाई चारचौघांत म्हणायच्या, इस्त्रीच्या धगीनं पोर पोटात वाळवलीस. तू समोर बसलेली असायचीस, ताई. चहा पीत."

थोरलीनं सुटलेली पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली.

"केसानं गळा कापलास," धाकटी म्हणाली. ओरडायचंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. लवंगी मात्र "माऊ, माऊ" करत मावशीच्या मांडीवर चढत होती. धाकटीनं तिला ओढून काढलं. पोरीनं भोकाड पसरलं, ते घर येईपर्यंत.

नंतर थोरली दोनदा येऊन गेली. धाकटीनं दार उघडलं नाही. संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलाखाली बसलेली लवंगी दाराकडे बघून "माऊ?" म्हणायची, आणि धाकटी इस्त्री जरा जास्तच जोरानं दाबायची.

दवाखान्यातल्या, बोलायला शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घरी हिच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलतं?"

धाकटीचे हात दिवसभर कपड्यांत, तोंड गिऱ्हाइकांशी. गाणी, गोष्टी, काऊचिऊचे घास, सगळं त्या दुसऱ्या बाईचं.

"हिची मावशी," ती शेवटी म्हणाली.

"मग त्यांनाच आणा की पुढच्या वेळी. घरी कसं करून घ्यायचं ते शिकवते."

जिना उतरताना खालच्या दारात थोरली उभी दिसली. तिनं पुढं पाऊल टाकलं नाही. धाकटी थांबली. लवंगीनं घट्ट धरलेलं आपलं बोट तिनं हळूच सोडवून घेतलं, आणि पोर मावशीकडे धावत सुटली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.