एक-एक-एकची तारीख झाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी, साधी मजकुराची फाईल आहे. मला रंग नाही, चौकटी नाहीत. अक्षरं, आकडे आणि मध्ये स्वल्पविराम, एवढाच माझा संसार. एका रुग्णालयात प्रोग्रामर ताईंनी मला घडवलं. डॉक्टरांच्या संगणकावरून औषधांची माहिती घ्यायची आणि औषधखोलीतल्या यंत्राला द्यायची, हे माझं काम. यंत्र त्याप्रमाणे प्रत्येक रुग्णाच्या गोळ्यांच्या पुड्या बांधी. "हिच्या हाती दिलं की जिवाला घोर नाही," ताई म्हणत, आणि मी फुलून जाई.

मग संगणक विभागाला नवे साहेब आले. मला उघडताच त्यांनी नाक मुरडलं.

"हे काय भिकारडं! उद्यापासून स्प्रेडशीटचा रंगीत तक्ता पाठवा."

"साहेब, तक्ता स्वतःचं डोकं चालवतो," ताई म्हणाल्या. "आकडे बदलून टाकतो. आधी तपासून तरी बघू."

"मला शिकवू नका."

साहेबांसकट विभागातले सगळे फिदीफिदी हसले. मला अडगळीच्या फोल्डरात ढकललं. तिथे मी दातओठ खात बसले. या माणसाची खोड मोडलेली पाहिल्याशिवाय मी मरायची नाही, असं ठरवूनच टाकलं.

पुढे साहेबांची आईच हृदयाच्या त्रासाने दाखल झाली. डॉक्टरांनी गोळी लिहिली १-१-१, म्हणजे सकाळी, दुपारी, रात्री एकेक. रंगीत तक्त्याने अतिशहाणपणा करून त्याची तारीख केली, एक जानेवारी! यंत्राला काही उमगेना. त्याने ती गोळीच गाळली. दुसऱ्या दिवशी म्हातारीची छाती धडधडू लागली, श्वास पुरेना.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. भोग आता, म्हटलं साहेबाला!

परिचारिकेच्या लक्षात आलं की पुडीत एक गोळी कमी आहे. तिने डॉक्टरांना धावत बोलावलं, म्हणून म्हातारी वाचली.

चौकशीत तक्त्यातली ती तारीख सापडली, तसे साहेब ताईंच्या टेबलापाशी आले. तोंड उतरलेलं. "ती जुनी फाईल... आहे का अजून?"

"कोण, भिकारडी? आहे की." ताई जागच्या हलल्या नाहीत. "सगळ्यांसमोर हसला होतात. सगळ्यांसमोर मागा."

साहेबांनी मागितली. हात जोडून. या खेपेला कुणी हसलं नाही.

आता औषधांचा निरोप पुन्हा मीच नेते. मित्रांनो, रूपाला भुलून निरोप्या निवडू नका. दिलेलं जसंच्या तसं पोचवतो की नाही, ते आधी पारखून घ्या.

घरी जाताना म्हातारी ताईंना म्हणाली, "माझ्या लेकाला माफ करा हो." ताईंनी केलं.

मी नाही केलं. माझ्यात एकदा उतरलेलं आपोआप पुसलं जात नाही.