आजोळच्या काचेतली हंडी

मी हंडी बोलतेय. मातीची, काळी, जाड बुडाची. काचेच्या पेटीतून बोलतेय, तेव्हा आवाज जरा दबका वाटला तर समजून घ्या. तुम्ही इथे जेवायला येता, माझ्याकडे बोट दाखवता, मला मागे घेऊन फोटो काढता आणि आपापल्या टेबलाकडे वळता. दोन मिनिटं कुणी थांबत नाही. आज तुमची ऑर्डर यायला उशीर आहे, तर ऐका.

मी समुद्रकाठच्या एका गावची. कुंभारणीने मला थापून घडवलं, गुळगुळीत दगडाने घासलं आणि भुशाच्या धुरात काळं केलं. एका मच्छीमाराची बायको मला घ्यायला आली. घेण्याआधी तिने मला कानाशी धरून चारी बाजूंनी टिचक्या मारल्या. मुलगी बघायला आलेल्या माणसांनीसुद्धा एवढी पारख केली नसेल.

त्या घरात रात्रीच्या जेवणाला ठरलेली वेळ नव्हती. होड्या किनाऱ्याला लागल्या की चूल पेटायची. ताजी मासळी विकायला जायची, घरात उरायची ती सुकी. तिचं आंबट कालवण करायचं, हे माझं काम. मला चुलीवरून उतरवून मधोमध ठेवत आणि सगळे भोवती बसत. भांडणं, हसणं, एकमेकांच्या ताटातलं पळवणं, सगळं माझ्या वाफेत चालायचं. त्या घरात तीन मुली होत्या. सगळ्यात लहान होती तिला धाकटी म्हणत. ती बोटाने माझा काठ पुसून खायची आणि मार खायची.

धाकटीचं लग्न दीड दिवसाच्या प्रवासावरच्या एका गावी ठरलं. तिथे समुद्र सोडाच, मोठी नदीसुद्धा नव्हती. मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा. निघताना आईने मला जुन्या चादरीत गुंडाळून तिच्या हातात दिलं. म्हणाली, "आमची आठवण आली की हिच्यात कालवण कर. रडत बसू नकोस."

नव्या घरात खाली घड्याळांचं दुकान, वर राहायच्या तीन खोल्या. जेवण आठाच्या ठोक्याला. तेही मऊ, वाफवलेलं, दुधातलं, गोडाकडे झुकणारं. ते वाईट होतं असं मी म्हणणार नाही. त्या लोकांची जीभ त्यावर वाढली होती. पण सासूबाईंनी मला चादरीतून काढलं, नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "सूनबाई, ह्या घरात हा वास चालायचा नाही. आमच्यात कुणी असलं खात नाही." मी तेव्हा रिकामी होते. नुसत्या माझ्या अंगाच्या वासावरून धाकटीचं माहेर त्यांनी 'असलं' करून टाकलं. माझी रवानगी मोरीजवळच्या कोनाड्यात झाली.

चार वर्षं गेली. त्यात धाकटीला एक मुलगी झाली. मग एकदा सासूबाई आठवडाभर लेकीकडे गेल्या. दुसऱ्याच दिवशी धाकटीचे यजमान, घड्याळजी, दुकानातून वर आले ते हातात घड्याळाचा रिकामा डबा घेऊन. डब्यात कागदात गुंडाळलेली सुकी मासळी होती. म्हणाले, "बाजारात दिसली. तू सारखी सांगतेस ना, कर बघू एकदा."

त्या दिवशी धाकटी गुणगुणत स्वयंपाक करत होती. चार वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. कालवण उकळलं आणि माझं अंग न् अंग जागं झालं. घड्याळजींनी तीनदा वाढून घेतलं. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "अगं, हे तर रोज करायला हवं." तीन वर्षांची पोर वाटी चाटत जमिनीवर बसली होती.

आणि दारात सासूबाई उभ्या. लेकीशी वाजलं म्हणून पाच दिवस आधीच परतल्या होत्या. हातातली पिशवी खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "काय शिजलंय हे माझ्या घरात?"

घड्याळजी ताडकन उठले. हात धुतले. चूळ भरली. मग म्हणाले, "मी नको नकोच म्हणत होतो, आई. हिनेच हट्ट धरला. मी तर हातही लावला नाही."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी पोरीच्या हातातली वाटी ओढून घेतली, तशी ती भोकाड पसरून रडली. "फेकून कशाला द्यायची," माझ्याकडे बघत सासूबाई म्हणाल्या, "कपडे भिजवायला होईल."

तेव्हापासून माझ्यात सोड्याचं पाणी. माती सगळं पिऊन घेते, हीच आमची खोड. आधी मी मासळी प्यायले, आंबट प्यायले, मिरची प्यायले. आता सोडा प्यायला लागले. वर्षा-दोन वर्षांत माझ्या अंगातलं कालवण धुऊन निघालं. तरी पोर आठ वर्षांची झाल्यावर माझ्याजवळून जाताना नाक दाबायची. "शी! आईची घाणेरडी हंडी!" हे तिला कुणी शिकवलं हे सांगायला नको.

धाकटीची आई गेली, मग बहिणी गेल्या. पुढे सासूबाईही गेल्या. मला वाटलं, आता तरी ती मला चुलीवर चढवेल. पण धाकटी आठाच्या ठोक्याला तेच मऊ, दुधाळ जेवण वाढत राहिली. एकदा शेजारणीने विचारलं तेव्हा म्हणाली, "आता कुणासाठी करायचं?" मग घरात कपडे धुवायचं यंत्र आलं आणि मी माळ्यावर गेले.

मला खाली काढलं ते मुलीनेच. ती मोठ्या शहरात राहून आली होती. तिथे म्हणे लोक ज्याच्या-त्याच्या मुलखातलं जुनं जेवण शोधत हिंडतात. तिने मुख्य रस्त्यावर जागा घेतली आणि खानावळीचं नाव ठेवलं 'आजोळ'. स्वतःच्या आजोळी ती जन्मात दोनदा गेली होती. मला दोन्ही हातांनी उचलून ती ओरडली, "आई, ही आपली हंडी ना? अगं, हे तर सोनं आहे!"

उद्घाटनाच्या दिवशी कालवण धाकटीनेच करायचं ठरलं. दुपारपासून ती नव्या स्वयंपाकघरात उभी होती. आता ती साठी उलटलेली. तिने मला दोन दिवस पाण्यात ठेवून घासलं होतं. मासळी घातली, लसूण घातली, आंबट घातलं. तळहातावर थेंब घेऊन चाखला. मीठ वाढवलं. पुन्हा चाखलं. मग चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"हे ते नाही," ती म्हणाली.

"काय नाही?" मुलगी फुलं लावता लावता आत डोकावली.

"शेवटी आई हातावर काहीतरी चुरून टाकायची. काय ते आठवत नाही गं. चाळीस वर्षं झाली. आणि हंडीला साबणाचा वास येतोय."

"मला नाही येत. छान झालंय, आई. आणि खरं सांगू? बाहेर कुणाला कळणार आहे?"

धाकटीने गॅस बारीक केला. मलाही आठवत नव्हतं. ज्या अंगात ते मुरलं होतं, ते अंगच राहिलं नव्हतं.

संध्याकाळी सात वाजता माणसं आली. खाण्याविषयी वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या एक बाई पहिला घास घेऊन डोळे मिटून म्हणाल्या, "अस्सल! अगदी अस्सल!" त्यांनी धाकटीला बोलावून विचारलं, "तुमच्याकडे रात्रीच्या जेवणात हे नेहमी असायचं?"

"नाही. एकदाच केलं," धाकटी म्हणाली.

"आई पण ना, गंमत करते!" मुलगी हसली. सगळेच हसले.

तेवढ्यात वाटी पुसत घड्याळजी म्हणाले, "मला तर हे पहिल्यापासून फार आवडायचं."

धाकटी त्यांच्याकडे वळली. एवढ्या माणसांत, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मग त्या दिवशी तसं का नाही बोललात?"

घड्याळजींनी भाबडेपणाने विचारलं, "कुठल्या दिवशी?"

ते नाटक नव्हतं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. तिने चाळीस वर्षं जे उराशी वागवलं, ते ह्या माणसाने चूळ भरली तेव्हाच थुंकून टाकलं होतं.

धाकटी आत आली. दोन्ही हातांनी मला उचललं आणि उरलेलं सगळं कालवण मोरीत ओतलं. मला पालथं घातलं, पदराला हात पुसले आणि मागच्या दाराने चालत घरी गेली. पुन्हा ती 'आजोळ'ला आली नाही. मुलीने गाडी पाठवली, रुसली, रडली, पण नाही. दोन वर्षांनी धाकटी गेली. शेवटच्या आजारात मुलीने विचारलं, "आई, काय खावंसं वाटतं?" तेव्हा म्हणाली, "जे असेल ते."

आता मी इथे आहे. मातीला भेगा पडू नयेत म्हणून मुलीने मला आतून-बाहेरून चकचकीत पॉलिश लावून घेतलं. अंगावरची सगळी छिद्रं बुजली. आता माझ्यात काही शिजणार नाही आणि काही मुरणारही नाही. तुमच्या टेबलावर येतं ते कालवण आत स्टीलच्या पातेल्यात होतं. गिऱ्हाइकांना आवडतं म्हणून त्यात थोडी साखर असते.

मुलगी वाईट नाही. कधी कधी दुपारी खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या असतात, तेव्हा ती एकटीच माझ्यासमोर येऊन उभी राहते आणि काच पुसते. पुसून झाल्यावरही पुसत राहते. पण संध्याकाळ झाली की तीच टेबलाटेबलाशी जाऊन सांगते, "आमच्या घरी रोज रात्री ह्यातच जेवण व्हायचं."

माझ्या पायाशी एक पितळी पाटी आहे, वाचली असेल तुम्ही. 'तीन पिढ्यांच्या प्रेमाची चव'. जाताना गल्ल्यावर तिला एवढंच सांगा, की ती पाटी काढ. खाली फक्त 'हंडी' लिही. तेवढं खरं आहे.