भेग सरकते तोवर

हिऱ्याचं टोक पांढऱ्या सिरॅमिकच्या तुकड्यात रुतलं, क्षणभर थांबलं आणि वर आलं. ओयदिनने तेल टाकलं नव्हतं.

सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी ठसा उमटला होता. त्याच्या चारही कोपऱ्यांतून केसासारख्या भेगा निघाल्या होत्या. भेग जितकी लांब, तितका माल ठिसूळ. पण मोजायची ती लगेच. उघड्यावर ठेवली तर हवेतली ओल तिच्या टोकाशी शिरते आणि ती गुपचूप पुढे सरकते. म्हणून दाबण्याआधी तेलाचा एक थेंब.

ओयदिनने दिवा मालवला.

"आधी चहा घेऊ, हमदम-अका."

हमदम, वयाच्या मानाने सगळ्यांचा अका म्हणजे थोरला भाऊ, एकेकाळी उझबेकिस्तानातल्या चिरचिकच्या याच प्रयोगशाळेचा प्रमुख होता. आता निवृत्तीनंतर जावयाबरोबर पंपांचे सिरॅमिक भाग बनवायचा. माल इथे पास झाला तरच गॅसवाले घेणार होते. नाहीतर भट्टीभर माल भंगारात, कारखान्याला कुलूप. छातीवर हात ठेवून दारातच त्याने हे सांगून टाकलं होतं.

भेग सरकते आहे.

ओयदिनने वाटीत दोनच घोट चहा ओतला. कमी ओतला म्हणजे मान दिला. पाहुण्याने पुन्हा पुन्हा मागावा, बसून राहावं. तिला तो बसायलाच हवा होता.

"एवढासा?" तो हसला. "माझा जावई तर काठोकाठ भरतो. उठा म्हातारेबुवा, निघा!"

ती हसली. पुन्हा दोन घोट ओतले.

तोलिब, तिचा नवरा, इथल्याच भट्टीवर होता. सिरॅमिकचा पहिला माल त्याने काढला, तेव्हा ओयदिन याच खोलीत नवी होती. हमदमने तुकडा दाबला, कोरडाच, आणि कुणाच्या तरी नातवाच्या सुंतेचा पुलाव खायला निघून गेला. दुपारी ढेकर देत परतला, भेगा मोजल्या, माल नापास केला. तोलिब त्याची चारचौघांत नक्कल करायचा. त्याचाच सूड, ओयदिनने मनाशी धरलं. प्रमुखाला तेलाची आठवण कोण करून देणार? ती गप्प राहिली. तोलिबची भट्टी गेली. मग तो रशियात, सुरगुतला, बांधकामावर गेला आणि

शवपेटी आली.

भेग सरकते आहे.

हमदम नातीच्या दातांबद्दल, महागलेल्या मटणाबद्दल बोलत राहिला. किटली संपली, तशी ओयदिनने उठून सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला आणि ती बाजूला झाली. म्हणाली, तुम्हीच मोजा, डोळे अजून तुमचेच तेज. त्याने टोपी मागे सारली आणि वाकला. एक कोपरा मोजला, दुसरा मोजला. चौथ्यापर्यंत त्याचे खांदे खाली आले होते. डोळा काचेवरून न उचलता त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

ओयदिन त्याच्या मानेकडे बघत होती. त्याला कळायला हवं होतं. न कळता उपयोग नव्हता.

"तेल टाकलं नव्हतं मी," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"कसलं तेल?"

तिने त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. पापण्यांत, ओठांच्या कडेला. काहीच सापडेना.

"आम्ही जन्मभर कठीण धातू दाबला, पोरी. त्याला कुठे लागतं तेल?"

खरं होतं. धातूला लागत नव्हतं.

ओयदिनने पहिला तुकडा बाजूला सारला. मग तिने दुसरा तुकडा घेतला, थेंब टाकला, दाबला, तिथेच मोजला. माल पास. चांगलाच पास. हमदमने तळवे चेहऱ्यावरून फिरवून दुवा दिली, तिच्या मुलाबाळांना, तिच्या हातांना. डोळे पुसले. मग नवल वाटून विचारलं, एका थेंबाने इतका फरक?

इथे ती थांबू शकली असती.

तिने खुर्ची जवळ ओढली आणि त्याला समजावून सांगितलं. नव्या पोरांना सांगते तसं, सावकाश, एकही पायरी न गाळता. ओल कुठून येते. टोकाशी काय करते. धातूत का चालून जातं, सिरॅमिकमध्ये का नाही. आवाज तिने कुठेही चढवला नाही.

"दाबून जेवायला गेलं, अका, की चांगला मालही नापास होतो."

हमदम मान डोलवत होता. मग मान थांबली.

"म्हणजे तोलिबचा तो माल..."

वाक्य त्याचं त्याने पुरं करावं म्हणून ओयदिन समोर बसून राहिली.