नातेवाईकांना समजावून सांगितले

"अठरा वर्षं कुठं होता तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी फाईल टेबलावर आपटली. "पोरीला पाचवा महिना लागला, आणि आज हृदयाची आठवण झाली?"

संपत टेलर उभाच होता. खुर्ची एकच, तिच्यावर त्याची लेक ज्योत्स्ना बसलेली. जिना चढून आल्यापासून लागलेली तिची धाप अजून ओसरली नव्हती. वाटूरहून पहाटेच्या एसटीनं निघालेली ही बापलेक शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आली होती. आठव्या वर्षी ज्योत्स्नाच्या हृदयाचं ऑपरेशन इथंच झालं होतं. हृदयाला जन्मापासून छिद्र होतं, झडपही अरुंद होती.

"ऑपरेशन झाल्तं की मॅडम. बरी झाल्ती पोरगी."

"बरी झाली असं कोण म्हणालं? झडप गळतेय. उजवा कप्पा फुगलाय. अशा पेशंटला जन्मभर, दरवर्षी दाखवावं लागतं. वेळेवर आला असता तर लग्नाआधीच झडप बदलता आली असती."

"आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

"सगळे असंच म्हणतात." बाईंनी फाईलमधलं शेवटचं पान काढलं आणि इंग्रजी ओळीवर बोट ठेवून मराठीत वाचलं, "'दरवर्षी तपासणी आवश्यक. नातेवाईकांना समजावून सांगितले.' आणि हा खाली तुमचा अंगठा."

संपत वाकून बघत राहिला. अंगठा त्याचाच होता.

आता काय म्हणावं या लोकांना! संपत सातवी शिकलेला. तीस वर्षं वाटूर फाट्यावर शिलाई मशीन चालवतोय, अर्ध्या गावाची मापं त्याच्या वहीत. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचा मान त्याचा. म्हाताऱ्याकोताऱ्या म्हणतात, संपतनं वाचलं की डोक्यात शिरतं. आणि अशा माणसाचा अंगठा! घरी सोडलं त्या दिवशी तो म्हणालाही होता, मला सही येते. वॉर्डातल्या बाबूनं आडनाव वाचलं, कपड्यांकडं बघितलं आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. "येळ न्हाई. लाव आंगठा. तुम्हा लोकांचं फुकटात झालं ना? मंग?" लेक वाचली होती. त्या आनंदात बापानं अंगठा दिला. कागद कुणी वाचून दाखवला नाही.

त्याच आठवड्यात गावातल्या अप्पाराव पाटलांच्या लेकीचं, साक्षीचंही तेच ऑपरेशन झालं. दोघींच्या खाटा शेजारी-शेजारी. अप्पारावांना मात्र डॉक्टरांनी केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला, कागदावर हृदयाचं चित्र काढून सगळं समजावलं. साक्षी दरसाल तपासणीला जायची, आणि इकडं बौद्धवाड्यात बायका हसायच्या. संपतची बायको कांताबाई तर मिरवायची, "पाटलाची पोर लई नाजूक बाई! आमची ज्योत्स्ना बघा, ऑपरेशन झाल्यापून एक गोळी लागली न्हाई तिला." मागच्या वर्षी साक्षीची झडप बदलली, तेव्हाही यांना वाटलं, मोठ्या घरची मोठी दुखणी. कुणाच्या मनात आलं नाही की आपल्या पोरीलाही तेच दुखणं आहे.

"मॅडम, आंगठा माझाच हाय," संपतचा आवाज चढला. "पण मला कुणी काय समजावलं न्हाई. मला बराबर लिहिता-वाचता येतं. ज्यानं हे लिहिलं त्याला बोलवा."

"अठरा वर्षांपूर्वीचा माणूस मी कुठून आणू? मागं रांग बघा केवढी आहे. हे घ्या, सगळं लिहून दिलंय."

कागदावर पुन्हा इंग्रजीच. संपतनं तो घेतला नाही.

"तुमी मराठीत सांगा. मी लिहून घेतो."

"काका, वेळ कुठाय?"

"माझ्या लेकीची अठरा वर्षं गेली मॅडम. तुमची पाच मिंटं जाऊ द्या."

रांगेतून कुणीतरी वैतागून बोललं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि सावकाश सांगायला लागल्या. संपतनं पिशवीतून वही काढली आणि भिंतीला टेकून लिहायला लागला.

दर पंधरा दिवसांनी इथं यायचं. लिहिलं. जड उचलायचं नाही. लिहिलं. बाळंतपण गावात नाही, जालन्यातही नाही, इथंच. लिहिलं. पाय सुजले, छाती धडधडली तर सकाळची वाट न बघता निघायचं. तेही लिहिलं.

"सातव्या महिन्यानंतर..." बाईंनी त्याच्या वहीकडं बघितलं. "लिहा. आईच्या जिवाला धोका वाढू शकतो."

'आईच्या' एवढं लिहून संपतचा हात थांबला. त्याच्या डोक्यात आई म्हणजे कांताबाई, फार तर त्याची स्वतःची म्हातारी. खुर्चीवरची ही पोर त्याचं लेकरू होतं. त्यानं पेन पुन्हा कागदावर टेकवला, पण अक्षर उमटेना.

"काका, लिहिताय ना?"

ज्योत्स्नानं बापाच्या हातातला पेन काढून घेतला. वही मांडीवर ठेवली. 'जिवाला धोका वाढू शकतो' असं गोल, सुट्या अक्षरांत पुरं केलं, आणि मान वर केली.

"झालं लिहून, मॅडम," ती म्हणाली. "फुडं सांगा."