मुंब्रा बायपासच्या चढावर

मायाचा डावा पाय लहानपणीच पोलिओने लुळा पडलेला. क्लच दाबणं शक्य नव्हतं, म्हणून तिने जुनी का होईना, पण ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिचे बाबा, सखाराम, कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यातून रिटायर झालेले. किडन्या निकामी झाल्यापासून त्यांना एक दिवसाआड डायलिसिसला ठाण्यात न्यावं लागे. ते काम मायाचं.

त्या सकाळी भिवंडीकडे ट्रॅफिक तुंबलेला, म्हणून तिने गाडी शिळफाट्यावरून घेतली. बायपासचा चढ लागला आणि इंजिन एकदम केकाटलं. गाडी मात्र पुढे सरकेना. मायाने अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला. नुसताच आवाज. मग गाडी मागे घरंगळू लागली.

मागे कंटेनर होता. त्याने हॉर्नचा सपाटा लावला. मायाने ब्रेकवर पाय रोवला, लिव्हर पार्किंगला टाकला, हँडब्रेक खेचला. कंटेनर हातभर अंतरावरून बाजूने निघून गेला.

"बाबा, उतरू नका!"

पण ते उतरले होते. सुजलेल्या पावलांनी कडेचा दगड ओढत आणला आणि मागच्या चाकाला लावला. दम लागून तिथेच कठड्याला टेकले. त्यांचा चेहरा राखेसारखा झालेला.

मायाने आत्तेभाऊ रत्नदीपला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्याचं वागळे इस्टेटमध्ये गॅरेज होतं.

"ताई, रेस करू नकोस, गिअरबॉक्समधल्या प्लेटा जळतील. इंजिन सुरूच ठेव आणि गिअर ऑइलची पट्टी काढून बघ."

बॉनेटचा आधार घेत तिने पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली.

"कोरडी आहे रे. टोकाला थोडंसं तपकिरी. जळका वास येतोय."

"इंजिन बंद कर. खाली काही सांडलंय?"

ती वाकली. रेडिएटरखाली लालसर तपकिरी थेंब पडत होते. गेल्याच आठवड्यात तिने कल्याणला रेडिएटर बदलून घेतला होता. गिअर ऑइल थंड व्हायला रेडिएटरमधून फिरतं, त्या पाइपची क्लिप तेव्हा सैल राहिली होती.

"येतो. मामांना रिक्षात बसवून पुढे पाठव."

"मी हिला इथे एकटीला सोडणार नाही," बाबा म्हणाले. श्वास पुरत नव्हता, तरी हट्ट कायम. मायाने डायलिसिस सेंटरला फोन करून उशीर होतोय म्हणून सांगितलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. प्रत्येक ट्रकबरोबर रस्ता हादरत होता.

रत्नदीप आला. क्लिप आवळली, ऑइल भरलं. "प्लेटा गेल्या असतील तर ही चालणार नाही, ताई. मग मामांना माझ्या गाडीत घेऊ. बघ गिअर टाकून."

मायाने लिव्हर 'डी'वर आणला. क्षणभर काहीच नाही. मग एक धक्का बसला आणि गाडीने चढ धरला. ती अगदी हळू, अ‍ॅक्सिलरेटरला जेमतेम पाय लावत चढवत गेली. मागे रत्नदीप दिवे लुकलुकवत येत होता.

सेंटरमध्ये बाबांची खुर्ची राखलेली होती. सुई टोचताना त्यांनी डोळे मिटले. श्वास हळूहळू संथ झाला.

संध्याकाळी रत्नदीपने गिअरबॉक्सचं खालचं झाकण उघडून दाखवलं. ऑइल काळपट झालेलं, पण लोखंडाचा कीस नव्हता.

"वाचली. पण सगळं धुवावं लागेल. तोवर मामांना मी नेतो."

"ने की," बाबा म्हणाले, "पण ही शेजारी बसेल. तुझं ड्रायव्हिंग बघितलंय मी."

माया हसली. मग ओढणीने तोंड झाकून बराच वेळ रडली.